उजेडातला रफू

आमच्या चाळीत कोणाची पोरगी बारावी पास झाली तरी बॅनर लागतो. मग एखादीने अख्खा ग्रह शोधला तर काय करायचं? कोणत्याही शहाण्या सेक्रेटरीने केलं असतं तेच मी केलं. गुरुवारी सकाळी जिन्यात तिच्या आजीने, जाईकाकींनी, बातमी सांगितली आणि संध्याकाळी सहाच्या आत नायगावच्या आमच्या नाक्यावर फ्लेक्स चढला. 'चाळीची कन्या, ग्रहशोधक मेघना हिचे हार्दिक अभिनंदन!' मध्ये मेघना, मागे कडं असलेला शनी, कारण फ्लेक्सवाल्याकडे दुसरा ग्रह शिल्लक नव्हता. खाली हात जोडलेले माजी नगरसेवक आणि अगदी कोपऱ्यात, शुभेच्छुक म्हणून, मी. विनीत. सत्कार रविवारी सकाळी, पटांगणात.

आणि शनिवारी दुपारी मेघनाचे आजोबा, गुणाजीकाका, माझ्या दारात येऊन म्हणाले, "विनीत, तो बॅनर उतरव."

मला वाटलं, शनीचं कडं खटकलं असेल. म्हाताऱ्याला काहीही खटकतं. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

गुणाजीकाका शहात्तर वर्षांचे आहेत. सोळाव्या वर्षी मालवणहून आले आणि परळच्या एका गिरणीत चिकटले. पुढे घडी खात्यात तपासनीस झाले. विणलेला तागा घडी होऊन बाहेर पडण्याआधी खिडकीसमोरच्या उतरत्या टेबलावरून सरकायचा आणि काका उभ्या उभ्या त्यातला दोष शोधायचे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, जाड-बारीक झालेली वीण. ताग्याच्या टोकाला खडूने 'पास' किंवा 'नापास' लिहायचं आणि पुढे आपला नंबर टाकायचा, सतरा. संपानंतर गिरणी गेली, काका शिवाजी पार्कजवळच्या एका लाँड्रीत कपडे तपासून घ्यायला लागले, पण नंबर काही सुटला नाही. आजही किराण्याच्या यादीखाली ते सतरा लिहितात. लग्नाच्या खरेदीला त्यांना दादरला नेलं की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळतं. माझ्या मुंजीचा सदरा त्यांनी उजेडात धरून परत पाठवला होता, त्याचा राग मला अजून आहे.

मुलगा-सून दोघं नोकरीवर, त्यामुळे मेघना वाढली ती काका आणि जाईकाकींच्या हाताखाली. शाळेच्या वहीत खाडाखोड दिसली तर काका पान फाडायला लावायचे. ती रडायची, पुन्हा लिहायची आणि मग वही घेऊन त्यांच्याच मांडीवर झोपायची. आता ती कुलाब्याकडच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. तीन वर्षं एकच काम, जवळच्या लाल खुज्या ताऱ्यांभोवती खडकाळ ग्रह आहेत का, ते शोधायचं.

काकांच्या नजरेची कीर्ती साऱ्या गिरणगावात होती, पण त्या कीर्तीला एक डाग होता आणि चाळीतल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. "गुणाजीची नजर एकदाच चुकली, सख्ख्या भावाच्या कापडात." गोष्ट १९८० सालची. धाकटा भाऊ वसंत त्याच गिरणीत विणकर होता आणि त्याची बायको अंबिका घडी खात्यात रफू करायला होती. लहानसहान दोष रफू करायची परवानगी असे. मोठा दोष असला की तागा बाजूला टाकायचा, हा नियम. वसंताच्या एका ताग्यात लांबलचक दोष पडला. अंबिकाकाकींनी तो इतका बारीक रफू केला की काकांना दिसला नाही, तागा पास झाला, गिऱ्हाइकाकडून परत आला आणि गिरणीने नवरा-बायको दोघांना काढून टाकलं. वसंतकाका घरी बसले ते बसलेच, दोन वर्षांत गेले. अंबिकाकाकी आमच्याच मजल्यावर, पॅसेजच्या पार टोकाच्या खोलीत राहतात. काका आणि त्या, दोघांची दारं एकाच पॅसेजमध्ये उघडतात. पंचेचाळीस वर्षांत एकमेकांशी एक शब्द नाही.

मेघनाने ग्रहाची बातमी आजीला फोनवर सांगितली, ती सुद्धा "अजून कोणाला सांगू नकोस, लेख नुसता पाठवलाय" असं बजावून. जाईकाकींनी कोणालाच सांगितलं नाही, फक्त मला सांगितलं. मी सेक्रेटरी. पुढचं तुम्ही वाचलंच.

शुक्रवारी ती घरी आली, नाक्यावर स्वतःलाच शनीसमोर उभं पाहून हादरली, माझ्यावर दहा मिनिटं ओरडली आणि मग शेवटी हसली. काकांना बॅनरचं काही नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, "शोधलंस म्हणजे नेमकं काय केलंस, ता सांग."

"आजोबा, तिथला ग्रह दिसत नाही. फक्त ताऱ्याचा उजेड दिसतो. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड किंचित कमी होतो, नोंदीत तेवढाच खड्डा पडतो. मोठ्या ताऱ्याचा असा एवढासा उजेड कमी झालेला कळतच नाही. हॅलोजनसमोरून डास गेला तर काय कळणार? पण हा तारा खुजा आणि मंद. समईसमोरून डास गेल्यासारखं."

"किती वेळान खड्डा पडता?"

"तीन दिवस पाच तासांनी. दर वेळी तेवढ्यानेच."

काकांचा चेहरा उजळला. "मग रूळ तो! कापडात सारख्या अंतरावर एकच दोष येतो तेव्हा दोष धाग्याचा नसतो गो. कुठलातरी रूळ फिरतोय, त्याच्यावर खोच आहे. अंतर मोजलं की कुठला रूळ ते कळतं."

मेघना त्यांच्याकडे बघतच राहिली. "आजोबा, माझ्या गाईडला हे समजवायला मला अर्धा तास लागला होता."

मग तिने सांगितलं की उजेडाच्या नोंदीची ती घडी घालते. सगळे खड्डे एकावर एक येतात आणि मिळून एक छान, स्वच्छ खड्डा दिसतो. लॅपटॉपवर तिने तो दाखवला. खरंच देखणा होता. काकांनी मान हलवली. "घडीवर कापड पास करत नाहीत. आधी पसरायचं, मग घडी."

तिने ते मनावर घेतलं, थोडं गमतीत, थोडं लाडात. संस्थेतल्या मोठ्या प्रिंटरवरून तिने शनिवारी सकाळी आजोबांसाठी कागदाचा तागाच छापून आणला. फक्त खड्डे, आजूबाजूच्या दोन-दोन तासांसकट, एकापुढे एक. प्रत्येक खड्डा वीतभर. सव्वीस खड्डे, वीस फूट कागद.

आमच्या चाळीचं रीडेव्हलपमेंट चाललंय, निम्मी बिऱ्हाडं हललीत, त्यामुळे पॅसेज मोकळा. आम्ही कागद अंथरला, उडू नये म्हणून कडेला चपला ठेवल्या. काका गुडघ्यांवर बसले, हातात भिंग, आणि ठिपक्याठिपक्याने पुढे सरकायला लागले. मेघना मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. जाईकाकी म्हणत होत्या, "अगो, गुडघे जातील त्यांचे." मला भारी मजा वाटत होती. तागा संपत होता तो नेमका अंबिकाकाकींच्या उंबऱ्याशी. दार किलकिलं होतं. काका तिथवर पोचले आणि दार बंद झालं.

 काका मागे फिरले. चौथ्या खड्ड्याशी थांबले, सहाव्याशी थांबले, आठव्याशी थांबले. भिंग ठेवलं. चष्मा पुसला. पुन्हा दुसऱ्या खड्ड्याशी गेले.

"पास ना, आजोबा?" मेघनाने हसत विचारलं आणि मार्कर पुढे केला. "घाला तुमचा सतरा."

"हो. बरा आसा," काका म्हणाले आणि कागद गुंडाळायला लागले. "सतरा उद्या घालतो."

मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. किराण्याच्या यादीला सतरा घालणारा माणूस नातीच्या ग्रहाला घालत नाही?

तर दुपारी ते माझ्या दारात. आत घेतलं, पंखा लावला.

"रफू आसा तो," ते म्हणाले.

"काय?"

"दर दुसऱ्या खड्ड्याच्या तळाला ठिपके नाहीत. पहिल्यात आहेत, दुसऱ्यात नाहीत. तिसऱ्यात आहेत, चौथ्यात नाहीत. सव्वीसच्या सव्वीस बघितले. कोणीतरी काढलेत. घडीत हे दिसत नाही, पहिल्याचे ठिपके दुसऱ्याचं भोक झाकतात."

मी चाटच पडलो. मग माझ्यातला सेक्रेटरी जागा झाला. "काका, ठिपकेच ते! हजारो असतील. चार गेले तर काय बिघडलं?"

"चार गेले तर काय नाय. दर दुसऱ्यातलेच चार गेले तर बिघडतं."

"मग तिला सकाळीच का नाही सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मी संधी साधली. आज त्याची लाज वाटते, पण बोललो ते लिहायलाच हवं. म्हणालो, "उद्याचा दिवस जाऊ द्या. नगरसेवक येतायत, बेंजो सांगितलाय. सोमवारी बघू. इतक्या लांबचा ग्रह कोण तपासायला जाणार आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं.

"विनीत, लोक म्हणतात ना, माझी नजर एकदा चुकली? नाय रे चुकली. वसंताचा रफू दिसलो हुतो माका. टेबलाच्या पलीकडे वसंत उभा, बाजूला अंबिका. दोघं माझ्या तोंडाकडे बघतायत. नवं लग्न. मी खडू उचलला आणि पास लिहिलं. सतरा." त्यांनी डोळे पुसले. "तेव्हाच नापास केला असता तर काय झालं असतं? वसंताला एक दिवस घरी बसवलं असतं. माल परत आला म्हणून दोघं गेली. आणि साहेबाने मला विचारलं, तुला कसं दिसलं नाही? मी म्हटलं, नाही दिसलं साहेब. रफू फार बारीक होता."

 लहानपणापासून ज्या नजरेच्या गोष्टी ऐकत वाढलो, ती नजर एकदाही चुकली नव्हती. पंचेचाळीस वर्षं हा माणूस स्वतःच्या नावावर खोटी चूक घेऊन त्याच पॅसेजमधून येत-जात होता आणि आम्ही त्या चुकीचे विनोद करत होतो.

"सकाळी पोरगी तशीच बघत होती माझ्याकडे," काका म्हणाले. "वसंतासारखी. तोंडातून हो निघून गेलं. आता सांगितलं तर ती पण माझ्यापासून तुटेल. नाय सांगितलं तर..."  ते उठले आणि घराकडे निघाले. मी मागोमाग.

रफूचं ऐकून मेघना आधी हसली, मग चिडली. "आजोबा, हे कापड नाहीये! तीन वर्षं काढलीत मी. गाईडने बघितलंय, आणखी दोघांनी बघितलंय. कोण कशाला ठिपके काढेल?"

"कोणी काढले ता माका काय ठाऊक? तू बघ."

तिने तणतणत लॅपटॉप उघडला. बोटं खटाखट चालली, मग हळू झाली, मग थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. शेवटी ती पुटपुटली, "मीच काढलेत."

पहिल्या वर्षी तिने कॉम्प्युटरला एक नियम लिहून दिला होता. उजेड ठराविक मर्यादेपेक्षा खाली गेला तर ती यंत्राची चूक समजायची आणि तो ठिपका गाळायचा. साफसफाईची एक ओळ. लिहिली आणि विसरून गेली. आता तिने ती ओळ काढली. पडद्यावर खड्डे पुन्हा उमटले, एक उथळ, एक खोल, एक उथळ, एक खोल. खोल खड्ड्यांचे तळच तिच्या नियमाने कापून टाकले होते, म्हणून सगळे सारखे दिसत होते.

"दोन तारे आहेत," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "आपल्या लाल ताऱ्याच्या मागे, खूप लांब, एकमेकांभोवती फिरणारे. त्यांचा उजेड आपल्या ताऱ्याच्या उजेडात मिसळलाय. हा त्याला झाकतो तेव्हा खोल, तो ह्याला झाकतो तेव्हा उथळ. एक रूळ नाही आजोबा, दोन रूळ आहेत."

"आणि ग्रह?" मी बावळटासारखं विचारलं.

"ग्रह नाहीये, विनीतदादा."

 मग ती काकांकडे वळली. "तुम्हाला सकाळीच दिसलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही मला पास म्हणालात? तुम्ही?" एवढंच बोलून तिने गाईडला मेल लिहायला घेतला, लेख मागे घ्यायचा म्हणून. त्यानंतर ती काकांशी एक अक्षर बोलली नाही. चहाचा कप त्यांनी समोर ठेवला, तो तसाच गार झाला. काका दाराशी स्टुलावर बसून राहिले. त्यांना कशाची भीती वाटत होती ते मला कळत होतं. ह्या पॅसेजमध्ये अबोला एकदा शिरला की किती वर्षं राहतो, ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मी सत्कार रद्द करायला निघालो, तर मेघनानेच अडवलं. "बॅनर सगळ्यांसमोर लावलास ना? मग मी पण सगळ्यांसमोर सांगणार."

रविवारी पटांगण भरलं. नवीन जागी राहायला गेलेली बिऱ्हाडंसुद्धा आली, जुन्या चाळीतला हा शेवटचा कार्यक्रम म्हणून. पहिल्या रांगेत गुणाजीकाका आणि जाईकाकी, दुसऱ्या टोकाला अंबिकाकाकी. मेघनाने तो कागदाचा तागा मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत दोरीला टांगला होता. माजी नगरसेवक शाल-श्रीफळ घेऊन पुढे झाले, तोच तिने माईक घेतला.

"शाल नको, साहेब. ग्रह नाहीये."

बेंजो थांबला. नगरसेवकांच्या हातात नारळ तसाच राहिला. तिने सगळं सांगितलं, दोन तारे, साफसफाईची ओळ, गाळलेले ठिपके, काही झाकलं नाही. लोक आ वासून ऐकत होते. मागून कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. मी माझ्या फ्लेक्सकडे बघायचं टाळत होतो.

"चूक माझी," ती म्हणाली, "आणि सापडली आजोबांना. जे चार शिकलेल्या माणसांना दिसलं नाही ते त्यांना चपला लावलेल्या कागदावर दिसलं. पण काल सकाळी दिसलं आणि दुपारी सांगितलं. मला त्यांचा खूप राग आलाय. काल ते बोललेच नसते तर हा रफू माझ्या नावाने जगभर गेला असता."

रफू हा शब्द ऐकला आणि अंबिकाकाकी उठल्या. सत्तरी उलटलेली, वाकलेली बाई. खुर्च्यांना धरत धरत त्या कागदापाशी आल्या.

"खंय आसा गो तो रफू? दाखय माका."

मेघनाने बोट ठेवलं. काकींनी चष्मा कपाळावर सारला, नाक कागदाला लावलं, एक खड्डा पाहिला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. मग तोंड वाकडं केलं.

"ह्याका रफू म्हणतत? नुसतो कापून टाकलो आसा. माझो रफू आसतो तर कोणाक गावलो नसतो."

लोक हसले. चाळीतला जुना विनोद, आणि खुद्द काकींच्या तोंडून. मी सुद्धा हसलो असतो, पण काका उभे राहिले होते.

"गावलो हुतो, अंबिके."

हसू जिथल्या तिथे थांबलं. काकींचं बोट कागदावर होतं, ते तसंच राहिलं.

"काय म्हणालात?"

"तुझो रफू. माका दिसलो हुतो. मी पास केलो. मग साहेबाक खोटा सांगलंय, दिसलो नाय म्हणान."

मला वाटलं, आता ही बाई ओरडेल, शाप देईल. जाईकाकींनी पदर तोंडाला लावला होता. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, हे त्या चेहऱ्यावरून कळत होतं. अंबिकाकाकींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि काकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि मी पंचेचाळीस वर्सां तोंड लपवून ऱ्हवलंय. माका वाटला, मी तुमका फसवलंय. माझ्यामुळे तुमच्या नजरेक बट्टो लागलो."

राग नव्हता तो. आम्ही सगळ्यांनी पंचेचाळीस वर्षं ज्याला राग म्हटलं, ती लाज होती. दोघांचीही.

"तेव्हाच बोललात कित्याक नाय?" काकींनी विचारलं. काल मी विचारला होता, तोच प्रश्न. काका नुसते उभे होते आणि रडत होते, लहान पोरासारखे, चारचौघांत.

मेघना मंचावरून खाली उतरली. तिचेही डोळे भरले होते. तिने खिशातून खडू काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. काल रागावली होती ती, तरी खडू आणायला विसरली नव्हती.

"नंबर घाला, आजोबा. राहिलाय."

काका कागदाच्या टोकाशी गेले. 'नापास' लिहायला लागले, पण कागद वाऱ्याने हलत होता. तेव्हा अंबिकाकाकी दुसऱ्या बाजूला गेल्या, दोन्ही हातांनी कागदाची कड धरली आणि ताणून ठेवली, सतरा लिहून होईपर्यंत.